अरणगावचे वाक्य

आमच्या नगर जिल्ह्यात पाणी कमी आणि वचने फार, असे आम्ही कधीकधी थट्टेने म्हणतो. नेवाशास खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती 1290 साली. शिर्डीच्या फकिराचे ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ हे दोन शब्द तर आज मोटारींच्या काचांवरही झळकतात. परंतु या जिल्ह्यातून सर्वांत दूर गेलेले वाक्य मराठी नाही, आणि ते ज्यांचे म्हणून सांगतात ते गृहस्थ मुळी बोलतच नव्हते. ही गोष्ट आमच्या सुशिक्षित शेजाऱ्यांस सांगितली की ते आमच्याकडे संशयाने पाहतात. इंग्रजीचा प्राध्यापक, त्यात पन्नाशी उलटलेली. एखादे कोडे घालीत असेल!

नगरहून दौंडच्या वाटेने दोन-अडीच कोस गेले की अरणगावच्या शिवारात रेल्वेच्या रुळांजवळ एक टेकडी लागते. तीवर मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्याच्या एका इराणी कुटुंबात 1894 साली जन्मलेले आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले हे गृहस्थ साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात राहिले व पुढे अरणगावास आले. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी जे मौन धरले ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. प्रथम ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आपले म्हणणे सांगत. 1954 साली तीही पाटी बाजूस सारून केवळ हाताच्या खुणांवर आले. आम्ही त्यांच्या अनुयायांपैकी नव्हे, आणि त्यांच्या अवतारत्वाचा वाद येथे उकरून काढण्याचीही आमची इच्छा नाही. आमचे कुतूहल निराळे आहे. इतक्या निःशब्द माणसाचे नाव जगातील इतक्या कर्णकर्कश संगीतात कसे शिरले?

‘द हू’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा गीतकार पीट टाउनशेंड हा रंगमंचावर गिटार आपटून फोडण्याबद्दल प्रसिद्ध पावलेला तरुण होता. त्या काळी विलायतेत आणि अमेरिकेत एल.एस.डी.च्या गोळीतून ईश्वर दिसतो असा समज पसरला होता. 1966 साली मेहेरबाबांचे एक छोटे इंग्रजी पत्रक निघाले, त्यात या समजाचा स्पष्ट निषेध होता. टाउनशेंडला बाबांचा छंद लागला तो याच सुमारास. त्याची व बाबांची भेट कधीच झाली नाही. 1969 च्या मे महिन्यात, म्हणजे बाबांच्या पश्चात चार महिन्यांनी, ‘टॉमी’ हे त्याचे संगीतनाट्य तबकडीवर आले. त्याचा नायक आंधळा, बहिरा आणि मुका आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अरणगावची सावली कोठवर पडली होती ते कळते. आम्हांस स्वतःला ‘टॉमी’ थोडी पाल्हाळिक वाटते. 1971 ची ‘हूज नेक्स्ट’ तिच्याहून सरस आहे, आणि तिचे पहिलेच गाणे ‘बाबा ओ’रायली’. यातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा, आणि ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. हा रायली 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. किराणा म्हटले की आम्हां मराठी माणसांस मिरज आणि अब्दुल करीम खाँ आठवतात. म्हणजे एका रॉकगीताच्या मथळ्याचा एक पाय अरणगावच्या टेकडीवर आणि दुसरा आमच्याच गायकीच्या एका फांदीवर! 2012 साली लंडनच्या ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणे वाजले तेव्हा आमची कन्या दूरचित्रवाणीसमोरून ओरडली, “अप्पा, तुमचे नगर आले!”

आता त्या वाक्याकडे येऊ. बाबांचे म्हणून जे वचन त्यांचे भक्त सांगतात त्याचा भावार्थ असा: आधी आपल्याकडून होईल तितके सर्व करावे, मग चिंता सोडून माझ्या प्रेमात आनंदी राहावे, साह्य मी करीन. यातला मधला तुकडा तेवढा पत्रिकांवर व भित्तिचित्रांवर छापला गेला. असेच एक चित्र सॅन फ्रान्सिस्कोतील एका जाझवादक जोडप्याच्या घरी बॉबी मॅकफेरिन या गायकाच्या दृष्टीस पडले, आणि 1988 साली त्याचे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गीत निघाले. या गीतात एकही वाद्य नाही. शीळ, ठेका, साथ, सारे त्या एकट्याच्या कंठातून व ओठांतून आलेले. सप्टेंबरात ते अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिले आले. केवळ मानवी आवाजावर उभ्या असलेल्या गीतास हा मान तेथे पूर्वी मिळाला नव्हता. 1989 च्या ग्रॅमी समारंभात वर्षातील उत्तम गीत आणि उत्तम ध्वनिमुद्रण ही दोन्ही पारितोषिके त्याला लाभली. ज्येष्ठ जॉर्ज बुश यांच्या निवडणूक-प्रचारात ते वाजविले गेले, तेव्हा मॅकफेरिनने जाहीर हरकत घेतली. चिंता करू नका, हे वाक्य मते मागणाऱ्याच्या तोंडी किती सोयीचे असते!

गाण्याच्या ठेक्यात जमैकाच्या रेगेचा रंग आहे. त्यामुळे पुढे असे झाले की अर्ध्या जगाने ते बॉब मार्ले याच्या नावावर लावून टाकले. बिचारा मार्ले 1981 सालीच वारला होता. त्याचे स्वतःचे धीर देणारे गीत निराळे. ते 1977 च्या ‘एक्झोडस’ या तबकडीवर आहे. त्या तबकडीच्या थोडे आधी, डिसेंबर 1976 मध्ये, किंग्स्टनच्या त्याच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. दोनच दिवसांनी तो जखमी अंगाने लोकांपुढे गायला, आणि मग देश सोडून लंडनला गेला. अशा माणसाने ‘चिंता नको’ म्हटले तर ऐकावेसे वाटते. त्याने किंमत मोजलेली असते.

उलट बाजू न्यूयॉर्कच्या निग्रो वस्त्यांतून आलेल्या हिपहॉपने मांडली. या प्रकाराचे एक मूळही जमैकातच आहे; ब्राँक्समध्ये 1973 साली ज्याच्या मेजवान्यांतून तो वाढला तो कूल हर्क किंग्स्टनहून आलेला. 1989 साली स्पाइक ली याच्या चित्रपटासाठी ‘पब्लिक एनिमी’ या मंडळीने ‘फाइट द पॉवर’ हे रॅपगीत रचले, आणि त्यात मॅकफेरिनच्या गीताचे नाव घेऊन त्याचा चक्क धिक्कार केला. ज्यांच्या दारी रोज पोलीस, त्यांना आनंदी राहा म्हणून कोणी सांगावे? आम्हांस वाटते, हे भांडण अरणगावच्या गृहस्थांशी नव्हते. ते त्या कापलेल्या तुकड्याशी होते. पूर्ण वचनात आरंभी श्रम आहेत आणि शेवटी साह्याचे आश्वासन आहे. दोन्ही टोके छाटली की जे उरते ते पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसास केलेला उपदेश होऊन बसते.

हा विचार आम्ही असा बसल्या जागी केला नसता. गेल्या वर्षी आमच्या वर्गात पाथर्डी तालुक्यातील एक विद्यार्थी मार्लेचे चित्र आणि खाली हेच इंग्रजी वाक्य छापलेला सदरा घालून बसू लागला. तो सदरा नगरच्या बाजारातला. हे वाक्य मार्लेचे नसून येथून दोन-अडीच कोसांवरचे आहे, हे सांगताच तो चकित झाला. मग हळूच म्हणाला, “सर, पण हे आमच्या घरी कुणी म्हणलं तर आई हसंल.” त्याचे आईवडील दरसाल दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडे मोजदाद आहे. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामी पुन्हा तोच मुकादम.

हा मुलगा रॅप रचतो हे आम्हांस नंतर समजले. बाकावर बोटे वाजवीत त्याने आम्हांस ते ऐकविले, आणि त्याचा एक मित्र तोंडाने ठेका धरीत होता. ढोलकी नाही, पेटी नाही. मॅकफेरिनला आवडले असते. त्यात कोयता होता, पहाटेची थंडी होती, फडात झोळीत निजविलेली लहान बहीण होती, आणि मुकादमाच्या वहीतला आकडा पुनःपुन्हा पालुपदासारखा येत होता. यमके काही ठिकाणी ओढूनताणून जमविलेली होती, तसे आम्ही त्यास सांगितले. त्याने दोन बदलली. तिसरे बदलण्यास ठाम नकार दिला, कारण तो शब्द त्याच्या आईचा होता.

स्नेहसंमेलनाच्या समितीत या गीतावरून चर्चा झाली. एका सहकाऱ्यांच्या मते हे काव्य नव्हे, आणि पाहुण्यांसमोर असले रडगाणे नको. काहीतरी प्रसन्न ठेवा. प्रसन्न या शब्दावर आम्ही जरा थांबलो. जात्यावरच्या ओव्यांत दुःख आहे म्हणून त्या पाठ्यपुस्तकांतून काढा असे आपण म्हणत नाही, एवढेच आम्ही बोललो, आणि आणखी दोघांनी दुजोरा दिल्यावर गीत यादीत राहिले. लावणीनंतर, पारितोषिक-वितरणापूर्वी, पाच मिनिटे.

कार्यक्रम जानेवारीत आहे. त्याचे आईवडील त्या वेळी कोल्हापूरकडे एका फडात असतील. मित्राने भ्रमणध्वनीवरून त्यांना ते दाखविण्याची व्यवस्था केली आहे, तेथे संदेशवहन पोचले तर. आईने विचारले आहे म्हणे, की गाणे किती वाजता आहे. तेवढ्यापुरती मोळी बांधायची थांबविता येईल.