तेलाचं भांडं, पाण्याचं भांडं

माझ्या कार्यशाळेत येणाऱ्या निम्म्या जणींच्या पिशवीत ज्येष्ठमधाचा काढा असतो. वांगावर, डागांवर ज्येष्ठमध चांगलं, हे त्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खोटंही नाही. काड्या ठेचून, उकळून, गाळून बाटली भरलेली. आता तो काढा क्रीममध्ये घालायचा. मी थेंबभर जिभेवर ठेवते. गोड लागतो. हा गोडवा ग्लिसिरायझिनचा, ते पाण्यात उतरतं. पण डागांवर ज्याची खरी मदार, ते ग्लॅब्रिडिन पाण्यात उतरतच नाही. ते गाळणीतल्या चोथ्याबरोबर सकाळीच कचऱ्यात गेलेलं असतं.

क्रीम करताना कोणता पदार्थ घालायचा हे सगळे विचारतात. तो तेलात राहणारा की पाण्यात, हे फार थोडे. हळदीचं कर्क्युमिन पाण्याला दाद देत नाही. क जीवनसत्त्व उलट पाण्यातलं, तेही चांगल्या आंबट पाण्यातलं, आणि हवा लागली की पिवळं, मग तपकिरी पडणारं. त्याचीच तेलात विरघळणारी रूपं मिळतात, जास्त टिकतात, खिशाला मात्र जड. कोजिक आम्लाचंही तेच. तांदळावर वाढणाऱ्या कोजी बुरशीतून 1907 मध्ये जपानात सापडलेलं हे आम्ल पाण्यातलं. डायपामिटेट केलं की ते तेलाच्या भांड्यात जातं.

नवशिक्यांना मी नायसिनामाइडवरच थांबवते. पाण्यात साखरेसारखं विरघळतं, रंग बदलत नाही, शंभर ग्रॅम क्रीमला चार ग्रॅम पुरतं. ते रंगद्रव्य तयार होणं थांबवत नाही. तयार झालेले रंगाचे कण वरच्या पेशींपर्यंत पोचवण्याचं काम मंदावतं. डबे भरलेले, पण डबेवाले कमी आलेले. सामू साडेपाच-सहाच्या आसपास ठेवायचा. सामू म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी शर्टावरच्या हळदीच्या डागाची आठवण देते. साबण लागला की तो लाल होतो ना? हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही त्याच गुणावर.

आता दोन भांडी. एकात पाणी आणि ग्लिसरीन, दुसऱ्यात तेल आणि इमल्सिफायिंग वॅक्स. दोन्ही सत्तर-पंचाहत्तर अंशांवर आणायची आणि मग एकत्र फेटायची. एक भांडं गार राहिलं तर मेण कण्या धरतं. वॅक्सच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. ही पकड बसेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर क्रीम फाटतं. साय घुसळणाऱ्या बाईला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. सायीत पाण्यात तूपकण तरंगतात. घुसळता घुसळता डाव उलटतो आणि लोण्यात स्निग्धात पाण्याचे थेंब अडकतात. आयुर्वेदातलं शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, पांढरंशुभ्र आणि मऊ होतं ते तुपात पाणी बारीक जिरल्यामुळे.

भीती पाण्याचीच. ऐन उमेदीत मी ताज्या कोरफडीचा गर घालून बहिणीला क्रीम करून दिलं होतं. ‘केमिकल नाही’ असं अभिमानाने सांगितलंही. नवव्या दिवशी झाकणाच्या आत हिरवट ठिपका दिसला. ठिपका दिसला म्हणून कळलं. जिवाणू तर दिसतही नाहीत, आणि ती ते रोज गालाला चोळत होती. आपली जुनी माणसं याबाबतीत हुशार. उटणं कोरडं ठेवायचं, अभ्यंगाच्या पहाटेच कालवायचं. औषधी तेलाच्या पाकात एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. आणि तो द्रव आटून जाईपर्यंत आच बंद करायची नाही. क्रीममध्ये मात्र पाणी मुद्दाम ठेवतो आपण. त्याला राखणदार हवाच. फेनॉक्सीइथेनॉल एक टक्क्याच्या आत, तेही क्रीम कोमट झाल्यावर. ई जीवनसत्त्व राखणदार नव्हे, ते तेल खवट होऊ देत नाही एवढंच. सोडियम बेन्झोएट फक्त आंबट क्रीममध्ये काम करतं.

लिंबाचा रस नको. लावून उन्हात गेलात तर डाग जाण्याऐवजी नवे उठतात. सनस्क्रीन घरी करू नका, विकत घ्या. ते न लावता उजळपणाची क्रीमं लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. आणि आठ दिवसांत गोरं करणारी निनावी डबी दिसली तर मला पारा किंवा स्टेरॉइड आठवतं. स्टेरॉइडची चौदा मलमं 2018 मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती उगाच नाही.

गेल्या खेपेला एका काकूंनी विचारलं, “मग चोथा तेलात उकळू का?” म्हटलं, घरच्या तेलात फारसं हाती लागणार नाही, तेलात विरघळणारा तयार अर्क आणा, शंभर ग्रॅमला चिमूटभर लागतो. “आणि या काढ्याचं काय करू?”

“रक्तदाब नसेल तर प्या थोडा. घशाला बरा.”