चाकावरील बोट आणि रस्त्यावरील दृष्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबातील ही गोष्ट. घरच्या जुन्या मोटारीतील मूळचा स्टिरिओ बंद पडला, तेव्हा थोरल्या मुलाने घासाघीस करून मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ बसवून आणला. स्वस्तात काम झाले म्हणून घरात कौतुकही झाले. स्टिअरिंगवरील बटणे याला चालतील का, एवढे मात्र विचारायचे राहून गेले. ती चालली नाहीत.

पौर्णिमेला वडिलांना, अण्णांना, घेऊन तो कुंभोजच्या बाहुबलीला निघाला. मोटारीत भक्तामर स्तोत्र लागले होते. अण्णांनी आवाज थोडा कमी करायला सांगितला. पूर्वी हे काम अंगठ्याने होत असे. आता पडद्यावरचे चिन्ह शोधणे आले. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर पुढे जाते. मुलाने मान वर केली, तो कुत्र्याचे पिल्लू अगदी समोर. करकचून ब्रेक लागला, पिल्लू वाचले.

अण्णा रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, मुनिमहाराज पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. आपण एवढे वाहन घेऊन निघालो, आणि पाहतो कुठे?"

दुसऱ्या दिवशी मुलगा एका जाणत्या कारागिराकडे गेला. त्याने उलगडून सांगितले, की अनेक मोटारींत प्रत्येक बटणाचा विद्युतरोध वेगळा असतो आणि एकदोन तारांवरून स्टिरिओ बटण ओळखतो. अशा ठिकाणी स्टिरिओला त्या तारांची जागा हवी आणि बटणे एकेक करून 'शिकवण्याची' सोय हवी. पुष्कळ नव्या मोटारींत हा संदेश कॅन-बस या अंतर्गत जाळ्यातून येतो. तेथे त्या मॉडेलचाच अडॅप्टर लागतो. मूळच्या तारा कापू नयेत, जुळणारा कपलर घ्यावा. तारा स्टिरिओच्या मागेच येत असल्यास एअरबॅगचे स्टिअरिंग उघडण्याचे कारण नाही.

या मोटारीत पहिलाच प्रकार होता. बसवलेल्या स्टिरिओला मात्र त्या तारांची जागाच नव्हती. तो घाट्यात परत देऊन मुलाने लहान पडद्याचा, पण बटणे ओळखणारा स्टिरिओ घेतला. पैसे देण्यापूर्वी आवाज, पुढचे गाणे, फोन घेणे व ठेवणे ही बटणे एकेक दाबून पाहिली; किल्ली काढून पुन्हा लावल्यावर ओळख टिकते का, तेही तपासले. नमुना पाहिल्याशिवाय हळदीचे एक पोतेही न घेणाऱ्या घराला ही सावधगिरी मोटारीच्या बाबतीत नव्याने शिकावी लागली.

तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्रमत्तयोग हा शब्द येतो. मारण्याची इच्छा नसतानाही बेसावधपणा हिंसेचे दार उघडतो. त्या पिल्लाशी कोणाचे वैर नव्हते. दोन सेकंद दृष्टी ढळली होती, एवढेच. घाट्याची रक्कम मुलाने वहीत खर्ची टाकली, तेव्हा अण्णा म्हणाले, "हा तोटा नव्हे रे. ईर्यासमितीच्या खात्यावर मांड."