विसरण्याचा गुन्हा

मायकल डॉरिस यांचे 'द ब्रोकन कॉर्ड' (१९८९) आम्ही प्रथम वाचले ते आत्मकथन म्हणून. माया आणि शिस्त दिली की दत्तक मुलगा सावरेल, अशी या प्राध्यापक-पित्याची श्रद्धा. पण मुलगा वाढला तरी पैशांचा नि वेळेचा हिशेब त्याला जमेना. कारण जन्माआधीचे होते. गरोदरपणी आईने घेतलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात उतरते. त्याने मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा सेतू, स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस आणि परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग यांची घडण बिघडू शकते. १९७३ साली सिॲटलच्या डॉक्टरांनी यास 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. या विकारपटातील अनेकांच्या चेहऱ्यावर खूण नसते; मग काल शिकलेले आज हरवले की जग त्यास आळस म्हणते.

येथे आम्ही थबकलो. 'निष्काळजी' हा शेरा आम्हीही वर्षानुवर्षे मारीत आलो आहोत. तीनदा सांगूनही निबंध आणायला विसरलेल्या एका विद्यार्थ्याला आम्ही भरवर्गात बोल लावले होते. त्याच्या विसरण्याचे कारण आम्हांस आजही ठाऊक नाही. कारण आम्ही ते विचारलेच नव्हते.