पौरुषग्रंथीचं दुखणं

पार्ल्यात आमच्या सकाळच्या कट्ट्यावर बायपास, गुडघे, मोतीबिंदू यांवर तासन्‌तास चर्चा रंगते. प्रोस्टेटचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचा चहा एकदम संपतो. मला वाटतं, थोडा दोष भाषेचाही आहे. या अक्रोडाएवढ्या ग्रंथीला मराठीत 'पौरुषग्रंथी' म्हणतात. आता पौरुषच दुखतंय हे चारचौघांत कोण सांगणार? 'पुरःस्थ ग्रंथी' असाही शब्द आहे, म्हणजे नुसती पुढे असलेली. मराठीचा मास्तर म्हणून माझं मत त्यालाच.

र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य'मधून शरीराबद्दल उघड लिहीत राहिले, त्यापायी खटले सोसले. तेव्हा मीही लिहितोच.

तीन वर्षं मला हा त्रास होता. बैठकीच्या जागी ठणका, रात्री चार-पाचदा उठणं, खुर्चीवर अर्धा तास बसवत नसे. उतारवयात ही ग्रंथी वाढते ते वेगळं. हे प्रोस्टेटायटिस तरुणांनाही होतं. पहिल्या डॉक्टरांनी लघवी न तपासताच अँटिबायोटिकचा महिनाभराचा कोर्स दिला. मग दुसरा, मग तिसरा. दुखणं जिथल्या तिथे.

नंतरच्या यूरॉलॉजिस्टनी आधी कल्चर करायला लावलं. जंतू नव्हतेच! जुनाट प्रोस्टेटायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत ते सापडतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. जंतू असतील तर चार-सहा आठवडे औषध नेमाने घ्यावंच लागतं. नसतील तर कोर्सवर कोर्स कशाला? त्यातल्या फ्लोरोक्विनोलोन जातीच्या गोळ्यांनी टाचेमागची कंडरा तुटू शकते, साठीनंतर धोका जास्त. अमेरिकेत २००८ साली तसा ठळक इशारा छापायला लावला.

मला टॅमसुलोसिन दिलं (त्याने चक्कर येऊ शकते, पलंगावरून सावकाश उठावं) आणि फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. तिथे गंमतच झाली. ओटीपोटाखालचे स्नायू आवळा, असं जो तो सांगतो. माझे आधीच आवळलेले होते! ते सैल सोडायला शिकायचं, तेही सत्तरीत. रोज टबात कोमट पाण्याचा शेक, चालणं, चहा निम्मा. पाचेक महिन्यांत ठणका बराच उतरला. अजून अधूनमधून डोकावतो, पण नाटकाचे दोन अंक बसून बघता येतात.

आणखी एक. सूज असताना पीएसएचा आकडा वाढतो, तेव्हा लगेच कॅन्सर धरून बसू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासा. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.