तीन मीटर

खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही चाचणी १९९१ सालची. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं कितपत चालती झालीत, हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून हिच्यावर मोजते. काठी, वॉकर चालतो. कुणी धरलेलं चालत नाही. घड्याळ हातात असतं, पण मी वळतानाची पावलं बघते. भीती तिथे दिसते.

एका आजींना पंचवीस सेकंद लागले. “पास का गं?” त्यांनी विचारलं. मी घरचं विचारलं. उंबरा आहे? संडास किती लांब? रात्री उठता?

“नाही बाई. संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही.”

फाइलमध्ये पंचवीस सेकंदांखाली मी तेही लिहिलं. मुलाला म्हटलं, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आजच आणा.