शिंगाची मूठ

या पानांवर कविता पुष्कळ येतात. मी कवी नाही, फिटर आहे. आयटीआय केली, सव्वीस वर्षं टूलरूममध्ये कानस चालवली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हातात कला होती आणि पोटाला काम नव्हतं. म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडात सुरे करायला लागलो. शिकारीचे सुरे. शिंगाच्या मुठीचे.

हसू नका. शिकार या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं जवळपास संपवली. तरी शिकारीच्या सुऱ्याला गिऱ्हाईक आहे. शहरातला साहेब माणूस किल्ल्यावर जातो, तंबू ठोकतो, कांदा कापतो. त्याला कंबरेला सुरा पाहिजे. मूठ 'नॅचरल' पाहिजे, प्लॅस्टिक चालत नाही. पहिल्यांदा सगळे सांबरशिंग मागतात. मी सांगतो, साहेब, ते शिंग नव्हेच, ते हाड. दरवर्षी गळतं आणि नवं येतं. इथलं सांबरशिंग बोटीनं शेफिल्डला जायचं, तिथल्या सुऱ्यांच्या मुठींना लागायचं. आता त्याचा धंदा केला तर आत जाल. मग म्हशीच्या शिंगावर सौदा ठरतो.

आधी पातं कसं होतं ते सांगतो, कारण आपल्या पोरांना भाषण येतं, पातं येत नाही.

ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारातून आणायचा. त्यात कार्बन शंभरात साधारण अर्धा ते पाऊण भाग, म्हणून धार धरतो. भट्टीत लाल करून राखेत पुरायचा, रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. तेव्हा तो मऊ पडतो, करवत आणि कानस लागते. पातं साडेचार इंच ठेवतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांच्या पुढं लांब किंवा दोन इंचांच्या पुढं रुंद पातं वेगळ्या खात्यात जातं, आपण त्या वाटेला जायचंच नाही. आकार झाला की पुन्हा भट्टी. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की समजायचं ७७० अंशांच्या वर गेलं. अजून थोडं तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. म्हणताना म्हणायचं पाणी पाजलं, पाजायचं तेल. या पोलादाला थंड पाणी पाजलं तर तडकायची भीती. आता ते काचेसारखं कडक असतं, खाली पडलं तर तुकडा. म्हणून २०० अंशांवर दोन तास शेकायचं. अंगावर गवती पिवळा रंग चढला की झालं. आता धार राहील आणि पातं मोडणार नाही.

आता शिंग. शिंग म्हणजे नखाच्या जातीचं. वरून टोपण, आत हाडाचा खुंटा. टोकाकडचा भाग तेवढा भरीव. कच्चं शिंग पाण्याच्या पिंपात काही आठवडे बुडवून ठेवायचं. आतलं सडतं, खुंटा ढिला होतो, मग आपटून काढायचा. त्या दिवशी गल्लीत कुणी जेवत नाही. मग सावलीत महिनोन् महिने वाळवायचं. घाई केली तर मूठ बसवल्यावर शिंग आकसतं आणि पितळी खिळ्यापाशी चीर जाते. पोकळ भाग वाकडा असतो, तो तापवून मऊ करायचा, दोन लोखंडी पट्ट्यांत घालून व्हाइसमध्ये आवळायचा, तसाच निवू द्यायचा. सरळ होतो. जास्त तापवला तर फुगतो, पापुद्रे सुटतात. पात्याच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी दोन फाका लावायच्या, पूर्वी लाख वापरत, आता अरल्डाइट. पितळेचे खिळे हलक्या हातानं ठोकायचे. मग कानस, मग काचकागद, एकशेवीसपासून सहाशेपर्यंत. शेवटी फडक्यानं घासलं की काळं शिंग पाण्यासारखं चमकतं.

कानस मारताना जळलेल्या केसांचा वास सुटतो. भुकटी छातीत जाते, फडकं बांधावं लागतं. आमच्या घरात या वासावरून भांडण झालं.

तात्या, माझे चुलते, ऐंशीला आलेत. गावाकडनं आले होते. शेडात येऊन उभे राहिले. वाळत घातलेली शिंगं बघितली. म्हणाले,

"ह्ये काय रं?"

"शिंगं. मुठीला लागत्यात, तात्या."

"इकत आणलीस?"

"व्हय."

"तुझ्या आज्यानं हाडोळ्यात फेकल्याली शिंगं तू पैसं दिऊन घरात आणलीस? आरं, ह्यो वास जावा म्हणून आमी काय काय सोसलं, ठावं हाय का तुला?"

मला ठावं होतं, पण ऐकून. तात्यांना बघून. आज्याच्या काळी गावात ढोर मेलं की येसकराला हाक यायची. चार माणसांनी दावं बांधून, वाशावर घेऊन, नाहीतर ओढत शिवेबाहेर न्यायचं. सोलायचं. कातडं मालक मागून घ्यायचा. पड वाड्यात यायची. हाडं व्यापारी पोत्यानं न्यायचा, बैलाची शिंगं हाडोळ्यात लोळत पडायची. आज्याजवळ एक सुरी होती, सोलायची. लोहारानं दिलेली. तिची मूठ बाभळीची होती. अवतीभवती शिंगांचा खच, आणि मूठ बाभळीची! मी तात्यांना विचारलं, शिंगाची का नाही केली? तात्या म्हणाले, "करायला येळ कुटं हुता? आन् केली असती तर पाटलानं नेली असती."

१९५७ साली आमच्या वाड्यानं ढोर ओढणं बंद केलं. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका. आमच्या गावाला ते उमगायला तीस वर्षं लागली, धर्मांतर व्हावं लागलं. पाटलाचा बैल तीन दिवस गोठ्यात फुगला. चौथ्या दिवशी वाण्यानं मीठमिरची बंद केली, गिरणीवाल्यानं दळण बंद केलं. तात्या तेव्हा दहा वर्षांचे. ते म्हणतात, जोंधळं भिजवून खाल्ले, पर दावं हातात घेतलं न्हाय. पुढं १९५८ च्या कायद्यानं महारवतनच गेलं. पण कायदा यायच्या आधी आमच्या म्हाताऱ्यांनी ते सोडलं होतं, आणि कायद्यानं दळण दळून दिलं नसतं.

त्या वेळी काही शहाणे लोक आपल्याला हिशेब समजावत होते. मेलेल्या ढोराचं कातडं, शिंगं, खूर, हाडं, वर्षाला शेकडो रुपयांचा फायदा महार सोडतात, असं 'केसरी'त एकानं छापलं होतं. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलं. एवढा फायदा आहे तर तुम्हीच ढोरं ओढा आणि फायदा घ्या, वर मी पदरचे पैसे देतो, असा त्याचा मतलब. मित्रहो, त्या हिशेबात शिंगाचीही किंमत धरली होती, हे मी सुरे करायला लागेपर्यंत कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

मग तात्यांचं खरं का? शिंग हातात घेणं म्हणजे मागं जाणं का?

मी रात्रभर विचार केला आणि माझं उत्तर असं आहे. बाबासाहेबांनी शिंगाला बाट लावला नाही. शिंगाला कसली आलीय जात? त्यांनी बंद केली ती सक्ती. आज्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, भाव सांगता येत नव्हता, आणि ते काम केलं म्हणूनच त्याला शिवेबाहेर ठेवलं होतं. मला 'नाही' म्हणता येतं. मी भाव सांगतो. हात तोच असेल, माणूस तो राहिला नाही. सकाळी तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तू शिकल्याला हाईस, तुला बोलता येतंय." पटलं असं म्हणाले नाहीत. पण जाताना एक फाक हातात घेऊन अंगठ्यानं घासून बघितली.

'नाही' म्हणायची वेळ पुढच्याच महिन्यात आली.

शहरातल्या एका दुकानानं दहा सुऱ्यांची ऑर्डर दिली. दुकानाचं नाव घेत नाही, तिथला माणूस वागायला वाईट नव्हता. मला सुऱ्यामागं साडेचार हजार, तो नऊ हजारांना विकणार. प्रत्येक सुऱ्याच्या डब्यात एक कार्ड ठेवायचं होतं, आणि मजकूर त्यानंच तयार केला होता. 'शतकानुशतके शिंग आणि चामड्याची कला जपणाऱ्या समाजातील पिढीजात कारागिराच्या हातून.'

मी म्हटलं, हे खोटं आहे.

तो म्हणाला, "अहो, तुमच्या समाजाचा गौरवच केलाय की."

मी म्हटलं, साहेब, मी हे आयटीआयत आणि टूलरूममध्ये शिकलो. माझ्या आज्याच्या सुरीची मूठ बाभळीची होती. तुम्ही ज्याला जपणं म्हणता ते त्याच्या मानेवर होतं, आणि ते टाकून देताना माझं घर उपाशी राहिलंय. कार्डावर लिहायचंच तर ते लिहा.

तो म्हणाला, गोष्ट नसेल तर वस्तू महाग विकत नाही. भाव चारशेनं कमी होईल. मी म्हटलं, करा. दहा सुऱ्यांचे चार हजार गेले. कार्डावर आता एवढंच आहे: कमानीच्या पाट्याचं पोलाद, म्हशीचं शिंग, पितळ, आणि खाली माझं नाव. बायको म्हणाली, "चार हजारांत पोरीची वह्या-पुस्तकं आली असती." तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे.

दोस्तहो, आता हे फार येणार आहे. काल ज्याला घाण म्हणाले, त्याला आज वारसा म्हणतील. बाटाचे पैसे कुणी दिले नाहीत, गौरवाचे मात्र दुकानदार घेईल. त्या कार्डावर सही करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पण मी इथंच थांबलो तर माझीच पाठ थोपटल्यासारखं होईल. शिंग माझ्याकडं येतं ते कुणाच्या हातून? खाटीकखान्यातून एक माणूस पोत्यात आणून देतो. धुणं, खुंटा काढणं, तो वास, अर्ध्याहून जास्त काम त्याच्याच घरी होतं. मी त्याला म्हटलं, कार्डावर तुझंही नाव टाकू. तो दचकला.

"नाव नको, भाऊ. पैसे तेवढे वेळेवर द्या."

का नको, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. म्हशीला नाही. पण पोतं अडवणाऱ्याला म्हशीचं शिंग कोणतं आणि बैलाचं कोणतं हे ओळखता येत नाही, आणि ओळखायचंही नसतं. ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणात झज्जरजवळ दुलिना इथं पाच दलितांना पोलीस चौकीसमोर जमावानं ठार मारलं, गाय मारली असा संशय घेऊन. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. आमच्या वाड्यानं १९५७ साली जे केलं, तेच साठ वर्षांनी तिथं करावं लागलं.

म्हणजे 'नाही' म्हणणं मला परवडतं, त्याला अजून परवडत नाही. मी त्याचा दर वाढवून दिला आणि पैसे रोख देतो. एवढं माझ्या हातात आहे. त्याचं नाव या लेखातही नाही, ते त्याच्या सांगण्यावरून.

शेडात सध्या सात शिंगं वाळताहेत. दिवाळीपर्यंत कामाला येतील. तुमच्यातल्या ज्यांना पातं आणि मूठ शिकायची असेल त्यांनी या. फी नाही. तोंडाला बांधायला फडकं आणा, आणि पहिल्या दिवशी वासानं पळून जाऊ नका. तात्याही तोवर इथं येणार आहेत. त्यांना १९५७ चं विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

जयभीम.