बाकांचे पाय आणि ओरसंगची रेती

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने बडोद्याला काय दाखवले, ते इथे पुन्हा सांगायला नको. धोक्याची पातळी 26 फूट, आणि नदी 35 फुटांच्याही वर गेली. मगरी रस्त्यावर आल्या म्हणून आपले शहर देशभरच्या टीव्हीवर झळकले. आपल्या शाळेच्या मागच्या कोठीत मात्र पाणी गुपचूप शिरले आणि तीन दिवस मुक्काम करून गेले. त्या कोठीत जुने बाक होते. बिडाच्या पायांचे, पायांवर वेलबुट्टी असलेले, ज्यांवर आम्ही बसलो, आमच्यातल्या काहींचे वडील बसले, आणि ज्यांच्या फळ्यांवर कर्कटकाने कोरलेली नावे (शाळेने क्षमा करावी) आजही वाचता येतात.

फळ्या फुगून गेल्या होत्या, त्या टाकाव्याच लागणार होत्या. पाय मात्र शाबूत होते, फक्त गंजाने नखशिखांत माखलेले. इथे गुजरातीच्या शेजाराने आपण सगळे त्याला 'काट' म्हणतो, आणि तोच शब्द त्या पायांना जास्त शोभत होता. 42 बाकांचे 84 पाय. भंगारवाला वजनावर घ्यायला तयारच होता. आम्ही पाच-सहा माजी विद्यार्थ्यांनी विश्वस्त मंडळाला विनंती केली, की पाय आमच्या ताब्यात द्या, साफ करून रंगवून देतो, नव्या फळ्यांचे मग बघू. मंडळाने होकार दिला आणि खर्चाची एक मर्यादाही घालून दिली. ती मर्यादा रास्त होती, पण तिने आमची झोप उडवली.

पहिला रविवार तारेचे ब्रश आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. चार तासांत एक पाय, तोही वेलबुट्टीच्या खाचांतला गंज तसाच ठेवून. या हिशेबाने 84 पाय कधी होणार, ते गणित पाचवीच्या मुलांनीही सोडवले असते. मग सँड ब्लास्टिंग करून घ्यायचे ठरले, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून गंज उडवायचा. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन गृहस्थाने 1870 मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. नावात 'सँड' आहे कारण तेव्हा वाळूच वापरत. नाव तेच राहिले, आणि पुष्कळ ठिकाणी दुर्दैवाने वाळूही राहिली.

आमच्याकडे जी दरपत्रके आली, त्यांत सर्वांत कमी आकडा अशाच एका कंत्राटदाराचा होता. कंप्रेसर आणतो, दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पटांगणातच काम उरकतो, कणांसाठी ओरसंगची रेती वापरतो, ती इथे सहज मिळते. बाकीच्यांच्या साधारण एक तृतीयांश पैशांत सगळे काम. ओरसंगची रेती बडोद्याला नवी नाही, आपली निम्मी घरे तिच्यातून उभी आहेत. आमच्यापैकी चौघांनी तिथल्या तिथे मान डोलावली. लपवण्यात अर्थ नाही, आम्हीच ते चौघे.

पाचवा गप्प होता. मग म्हणाला, "रेती असेल तर मी यातून बाहेर." हा आमचा वर्गमित्र. नाव छापू नये असे त्याने सांगितले आहे. त्याचे वडील मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.तल्या एका शेडमध्ये हेच काम करत. तोंडाला ओला पंचा बांधून दिवसभर रेतीचा मारा. पंचेचाळिशीनंतर खोकला लागला, मग दम लागू लागला, दोन जिने चढवेनात. टीबी म्हणून दीड वर्ष गोळ्या झाल्या. थुंकीत जंतू कधी सापडले नाहीत, पण गोळ्या चालूच राहिल्या. पुढे एका डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" तोपर्यंत तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. 1998 मध्ये ते गेले, तेव्हा 51 वर्षांचे होते. आम्ही त्यांना ओळखत होतो. वार्षिक क्रीडामहोत्सवाला सायकलवरून बर्फाची लादी आणून देणारे ते काका. कसल्या आजाराने गेले, ते आम्हाला पंचवीस वर्षांनी, दरपत्रके चाळताना कळले.

त्या आजाराचे नाव सिलिकोसिस. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. नदीकाठी पायाखाली असते तेव्हा ती निरुपद्रवी आहे, तिचे कण जाड असतात, फुप्फुसात उतरत नाहीत. पण दाबाच्या हवेने लोखंडावर आपटली की कणांचा चुरा होतो, आणि त्यातला काही भाग पाच मायक्रॉनहूनही बारीक असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. असा कण ओल्या पंच्यातून सहज आत जातो, फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतो आणि तिथेच राहतो. शरीर त्याच्याशी झगडत राहते आणि त्या झगड्याचे वण फुप्फुस घट्ट करत जातात. काम सोडले तरी आजार पुढे सरकू शकतो. त्याला औषध नाही. टीबीही अशा फुप्फुसात लवकर घर करतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या या सिलिकेला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

हे सगळे आपल्या दाराशी आहे, हे आम्हाला नव्याने उमगले. खंभातचा अकीक आपण हौसेने घेतो, त्याला पैलू पाडणाऱ्या घरांत हाच आजार आहे. गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागांतून आदिवासी मजूर येत. काही महिने काम करून ते गावी परतत, आणि गावी जाऊन मरत. 2010 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अशा 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत असे गुजरात सरकारला सांगितले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायचा आदेश दिला. बडोद्यातलीच पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था या रोगाच्या कामगारांसाठी वर्षानुवर्षे झटते आहे. शाळेपासून फार लांब नाही, आणि आम्ही तिचे नाव पहिल्यांदा ऐकले.

ब्रिटनने 1949 सालच्या नियमांनी ओतकामाच्या सफाईत वाळूचा मारा बंद केला. तुर्कस्तानात जीनच्या विजारी जुनाट दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळू मारत. त्यात तरुण पोरे सिलिकोसिसने मेली, तेव्हा 2009 मध्ये तिथेही बंदी आली. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. कागद पुष्कळ आहेत. आणि इथे तर शाळेचे पटांगण. सुट्टी संपल्यावर ती धूळ तिथेच राहणार होती आणि तिच्यात मुले खो-खो खेळणार होती.

रेती बाद झाली. मग स्वस्तात दुसरे काय? इथून पुढे जे शिकलो ते, घरात किंवा शेडवर लोखंडाचे काम काढणाऱ्या पालकांना उपयोगी पडेल म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

एक तुटका पाय होता. तो आम्ही ब्लास्टिंगच्या जॉबवर्कवाल्याकडे नेला आणि म्हटले, याच्यावर सगळे प्रयोग करा. त्या भल्या माणसाने हसत हसत केलेही.

पहिला प्रयोग कॉपर स्लॅगचा. तांबे वितळवताना वर येणारी मळी थंड करून तिचे काळे, काचेसारखे, धारदार दाणे होतात. आपल्या भरूच जिल्ह्यात दहेजला तांब्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे हा माल या भागाला परका नाही. यात मोकळी सिलिका एक टक्क्याहूनही कमी असते. किलोमागे हाच सर्वांत स्वस्त. गंज भराभर उडाला. पण दाणा एकदा आपटला की फुटतो, पुन्हा कामाचा राहत नाही. आमच्या तुटक्या पायाला 9 किलो लागला. 84 पायांना म्हणजे पाऊण टनाहून थोडा जास्त, आणि तेवढाच काळा कचरा शेवटी उचलून न्यायचा. शिवाय स्लॅगमध्ये आर्सेनिकसारख्या धातूंचे अंश असू शकतात. म्हणजे सिलिका नाही म्हणून मास्क नको, असे नाही.

दुसरा गार्नेटचा. हा गुलाबीसर तांबूस खनिज दाणा, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत सापडतो. स्लॅगपेक्षा चौपट-पाचपट महाग, पण दाणा जड आणि कठीण, त्यामुळे कमी लागतो, धूळ कमी उडते. खाली ताडपत्री घालून गोळा केला, चाळला, की आणखी तीन-चार वेळा चालतो. वेलबुट्टीच्या पाकळ्या याने सर्वांत सुरेख उघडल्या. आमच्यातल्या चित्रकलेच्या बाईंचे मत इथेच पक्के झाले होते.

तिसरा स्टील ग्रिटचा. पोलादाचे टोकदार कण, भाव ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. पण हा कण फुटत नाही, फक्त हळूहळू झिजतो. बंद खोलीत मारा करायचा, खाली पडलेला गोळा होऊन यंत्रात परत, असे शेकडो फेरे. ज्याच्याकडे अशी खोली आणि धूळ ओढणारे यंत्र आहे, त्याला दर पायामागे कणांचा खर्च जवळजवळ लागतच नाही. उघड्यावर मात्र हा वापरणे म्हणजे पैसे मातीत पेरणे, आणि ओल लागली की ग्रिटच गंजतो.

काचेचे मणी चौथे. त्यांनी गंज काढण्याऐवजी गंजालाच चकाकी आणली. पितळेला किंवा ॲल्युमिनियमला ते छान, आमच्या कामाचे नव्हेत. अक्रोडाच्या सालीचा भुगाही असतो असे कळले. तो नाजूक वस्तूंसाठी, विश्वामित्रीच्या गंजापुढे त्याचे काही चालले नसते.

म्हणजे आम्ही पोत्याचा भाव विचारत होतो तेच चुकत होते. विचारायचे होते ते साफ झालेल्या एका पायाचा भाव. तो काढल्यावर जॉबवर्कवाल्याची बंद खोली आणि त्याचा स्टील ग्रिट हे सर्वांत स्वस्त पडले. टेम्पोचे भाडे धरूनही. रेतीच्या दरपत्रकापेक्षा महाग होतेच. तो फरक आम्ही वर्गणी काढून भरला, मंडळाकडे मागितला नाही.

स्वतःचा छोटा कंप्रेसर आणून घरीच मारा करू, अशी कल्पना एका पालकांनी मांडली होती. त्यांना सांगायचे राहिले: पाव इंची नॉझलला 100 पौंड दाबाने मिनिटाला 80 घनफुटांच्या आसपास हवा लागते. पंक्चरवाल्याकडचा कंप्रेसर त्याच्या एक दशांशही देत नाही.

बिजागऱ्या, बोल्ट आणि पट्ट्या आम्ही मारा न करता साफ केल्या. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजका तुकडा ऋण तारेला, साध्या लोखंडाची सळई धन तारेला. एका रात्रीत गंज काळा, मऊ होऊन ब्रशने निघतो. नववीच्या मुलांनी हे विज्ञानाच्या सरांसमोर, उघड्या व्हरांड्यात केले. उघड्यावर अशासाठी, की यात हायड्रोजन सुटतो. सळई स्टेनलेस स्टीलची मात्र कधीही घेऊ नये, त्यातून क्रोमियमचे विषारी रूप पाण्यात उतरते. एकूण खर्च सोड्याच्या पुड्याचा.

एक गोष्ट अर्धवट राहिली आहे. 14 पायांवर वरच्या हिरव्या रंगाखाली केशरी थर दिसला. जुने रंगारी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत, आणि शेंदूर म्हणजे शिसे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. हे पाय त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग घासला किंवा उडवला तर शिशाची धूळ होते, आणि ती लहान मुलांना सर्वांत वाईट. म्हणून ते 14 पाय जॉबवर्कवाल्याकडे पाठवलेच नाहीत. प्लॅस्टिकमध्ये बांधून कोठीच्या माळ्यावर ठेवले आहेत, रंगाचा खवला तपासायला दिला आहे. मुलांनी माळ्यावर चढू नये, आणि पहिल्या रविवारी ब्रश मारलेला पाय यांतला नव्हता, हे आम्ही दोनदा पाहून घेतले.

उरलेले 70 पाय परत आले, तेव्हा राखाडी, कोरडे, जणू कालच ओतलेले. मारा झालेले लोखंड फार हळवे असते, आपल्या दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागते, आणि घामाच्या बोटांचा ठसा तर तसाच उमटतो. त्यामुळे प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी तिथेच देऊन घेतला. आता वरचा रंग बाकी आहे. परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला व्हरांड्यात बसणार आहोत. आठवीपुढच्या मुलांनी पालकांची चिठ्ठी आणि सुती हातमोजे आणावेत. ब्रश आमच्याकडे आहेत. चहा-शेव-पोह्यांची जबाबदारी आमच्या त्या मित्राने घेतली आहे. चार प्रयोग अंगावर घेतलेला तुटका पाय प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला आहे, चारही पट्टे अजून स्पष्ट दिसतात.